धीर सांगून येत नाही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण आज बोलणार आहे नर्सिंग शिकणाऱ्या मुलींबद्दल. कुंभार पिंपळगावसारख्या गावांतून बारावीनंतर मुली एएनएम, जीएनएमला जातात. निघताना आपण म्हणतो, "आत्मविश्वास ठेव गं." पण तो सांगून येत नाही.

जन्मलेलं बाळ रडलं नाही, श्वास घेत नसलं, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास देणं सुरू व्हावं लागतं. त्या घाईत पुस्तकातलं पान आठवत नाही. बाहुलीवर पुन्हा पुन्हा केलेला सराव हाताला आठवतो. आधी सराव, मग कौशल्य, मग आत्मविश्वास. नुसता आत्मविश्वास तर आई-बाळाला धोक्याचाच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या नर्स नव्हत्या. पण शिक्षण टप्प्याटप्प्यानं झालं आणि कामाची नियमित तपासणी होत राहिली. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो अभ्यास छापला.

आमच्याकडे नवख्याचा कोड वरिष्ठांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. शिवाय बिघडलंच तर जुनी आवृत्ती परत आणता येते. प्रसूतिकक्षात ती सोय नाही. म्हणून तिथं शेजारी उभी राहणारी सिस्टर जास्त गरजेची. "एवढंही येत नाही?" असं कुणी म्हटलं की मुलगी पुढचा प्रश्न गिळते, आणि न विचारलेला प्रश्न रुग्णाला भोवतो.

वॉर्ड आपल्या हातात नाही, फोन आहे. आपल्यातल्या ज्या मैत्रिणी नर्स आहेत, त्यांनी शाळेतून नर्सिंगला गेलेली एकेक मुलगी सांभाळावी. आठवड्यातून एक फोन: इंग्रजी शब्द अडले का, पहिली नाईट कशी गेली? जोड्या लावून यादी ठेवायचं काम माझं.

आणि पालकांनो, "मला जमत नाही" असा तिचा फोन आला, तर "ये परत, स्थळ बघू" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "नेमकं काय जमत नाही, बाळा?" बहुतेक वेळा ते शिकवता येण्यासारखं असतं.