शाळेचा निरोप, घरच्या भाषेत



बेळगाव-निपाणी भागात मराठी माध्यमाच्या अनेक शाळा आहेत.
सरकारी परिपत्रक मात्र कन्नडमधून येतं.
घरचं बोलणं मराठीत.
मग निरोप वाटेतच अडतो.

उपाय आपल्या हातात आहे.
वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप.

गुरुजींनी, बाईंनी परिपत्रकाचा सारांश मराठीत सांगावा.
आपल्या आवाजात.
एक मिनिट पुरे.

निपाणीत विड्या वळणाऱ्या आईला तो काम करता करता ऐकता येतो.
वाचता न येणाऱ्या आजीलाही तो कळतो.

काही पथ्यं मात्र पाळूया.
मुलांचे गुण आणि तक्रारी ग्रुपवर नकोत.
त्याबद्दल पालकांशी वेगळं बोलावं.
फोटो टाकण्याआधी परवानगी घ्यावी.
ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना शेजारच्या पालकांनी निरोप पोचवावा.

आणि पालकहो, तुम्हीही बोला.
2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो,
शाळेच्या व्यवस्थापन समितीत दर चारपैकी किमान तीन सदस्य पालक असावेत.
कर्नाटकात या समितीला एसडीएमसी म्हणतात.
ग्रुपवर प्रश्न विचारा.
उत्तर मिळालं नाही, तर समितीच्या बैठकीत मांडा.

पुन्हा सांगते.
निरोप छोटा असावा.
आवाजात असावा.
आणि घरच्या भाषेत असावा.