सोबतीची चाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बेचाळीस किलोमीटरांच्या मॅरेथॉनहून लांब धावण्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. गेल्या पौषात आम्ही चौघी मैत्रिणी पहाटेच राजापेठेतून निघालो. वलगावावरून परतवाडा, सुमारे ५० किलोमीटर. आसेगावला पूर्णेचा पूल ओलांडला आणि एकीच्या पोटऱ्यांत गोळे आले. दोघी तिच्यापाशी थांबल्या. मी मात्र "होते पुढे" म्हणून निघाले. परतवाड्याला पोचले खरी, पण "पोचलो गं बाई!" म्हणायला शेजारी कुणीच नव्हते. दोन तासांनी त्या तिघी हातात हात घालून, हसत आल्या. माझी मलाच लाज वाटली.

दक्षिण आफ्रिकेत 'कॉम्रेड्स', म्हणजे 'सोबती', नावाची सुमारे ९० किलोमीटरांची शर्यत आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली. १९२३ साली फ्रान्सेस हेवर्ड या बाईंना प्रवेश नाकारला गेला. तरी त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचल्या. पदक मिळाले नाही; पण बरोबर धावणाऱ्यांनी व बघणाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना चांदीचा चहाचा संच दिला. स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडले. नियमाने नाकारलेला मान सोबत्यांनी आधीच दिला होता!

येत्या पौषात आम्ही पुन्हा निघणार आहोत. ठराव एकच: जी सर्वांत हळू, तिची चाल तीच सर्वांची चाल. आपणांपैकी ज्यांना यावेसे वाटेल, त्यांनी अवश्य यावे. कुणाला मागे ठेवणार नाही, हा माझा शब्द.