पागोळीचे पाणी

(देवस्थानाच्या सभामंडपात महाजन मंडळींपुढे झालेल्या भाषणाची संहिता)



फोंडे महालातील देवळांत दर्शनास जाणाऱ्या भाविकाचे पाऊल आधी तळीच्या पायऱ्यांकडे वळते. मंगेशीची तळी तर त्या देवालयाच्या वास्तूतील सर्वांत प्राचीन भाग मानली जाते. देवाच्या दारी पाणी साठविण्याची जी दृष्टी पूर्वजांपाशी होती, ती घराच्या दारी मात्र क्वचितच उतरली. याचा प्रत्यय वैशाखात येतो. दूरदेशी स्थायिक झालेली महाजन कुटुंबे मुलांच्या सुट्टीत मूळ घरी येतात, ती नेमकी विहिरींचा तळ दिसू लागण्याच्या दिवसांत. घर भरते, अग्रशाळेच्या खोल्या भरतात, भांडी तेवढी रिकामी राहतात.

वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात ही स्थिती का यावी? कारण पायाखालच्या दगडात आहे. जांभा हा सच्छिद्र खडक. आषाढ-श्रावणात तो पाणी झपाट्याने पोटात घेतो आणि तितक्याच उदारपणे डोंगरउतारावरील झरींवाटे सोडूनही देतो. म्हणून श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर चैत्रात खोल जाते. ‘छपराचे पाणी विहिरीत सोडा म्हणजे झाले’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो चुकीचा नव्हे. पण जांभ्याच्या माथ्यावरील घराला त्यावर विसंबता यावयाचे नाही. तेथे पाणी बंदिस्त टाकीतच राखले पाहिजे.

गुजरातेत हे केव्हाच ओळखले गेले होते. अहमदाबादेत पाऊस गोव्याच्या जेमतेम पाव हिश्शाने पडतो. तेथील पोळांतील जुन्या घरांच्या चौकाखाली ‘टांके’ असे. छपराचे पाणी नळीवाटे त्यात उतरे आणि वर झाकण बसे. घरचे पिण्याचे पाणी तेथून निघे. गोव्यातील जुन्या घरांनाही राजांगण आहे, चारही बाजूंच्या पागोळ्या त्यात पडतात. परंतु ते पाणी मोरीवाटे परसात आणि परसातून ओहोळात जाते.

आता हिशेब पाहावा. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना, म्हणजे २४० दिवसांना, १२,००० लिटर पाणी लागते. छपरावर पडणाऱ्या पाण्यापैकी पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी एवढे पाणी अवघ्या ५ चौरस मीटर छपरावरून मिळते. म्हणजे उंबरठ्यापुढच्या पडवीचे छप्पर पुरे! उरलेल्या मोठ्या छपराचा हिशेब कोणी न केलेलाच बरा. टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटरांहून किंचित अधिक खोल असली की काम भागते. आंघोळ, कपडे, गुरे यांचा खर्च यात धरलेला नाही. त्यासाठी विहीर आणि नळ आहेतच.

दक्षता मात्र हवी. कौलांवर उन्हाळाभर साचलेली धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरींबरोबर उतरते. ते पाणी टाकीत घेऊ नये. पन्हळीला वळती नळी ठेवावी आणि छप्पर स्वच्छ धुतले गेल्यावरच ती टाकीकडे फिरवावी. वाटेत खडी, कोळसा व वाळू यांची गाळणी असावी. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरते आणि फट राहिली की डास होतात. म्हणून झाकण घट्ट व वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी हवी. गाळणीने गढूळपणा जातो, रोगजंतू जातातच असे नाही. पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवरील पाणी पिण्यास घेऊ नये.

खरी अडचण पैशाची नाही, कुलुपाची आहे. मृगाच्या सरी येतात तेव्हा पुष्कळ महाजनांची घरे बंद झालेली असतात आणि पन्हळ वळविण्यास कोणी नसते. घर शाकारण्याचे काम वैशाखात, मंडळी गावी असतानाच होते. त्याच गड्यांकडून पन्हळी साफ करवून, टाकी घासून, तिच्या तळाची गळती बुजवून घ्यावी. नळी फिरविण्याचे काम गावात राहणाऱ्या भाऊबंदाकडे अथवा शेजाऱ्याकडे किल्लीसह सोपवावे, आणि चतुर्थीस घर उघडेल तेव्हा प्रथम टाकीचे झाकण उचलून पाणी कोठवर आले आहे ते पाहावे.