कातकरी वाडीतला प्लंबर

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही चैत्र-वैशाखात डोंगराकडच्या वाड्यांतल्या बायकांना हंडे घेऊन व्हाळात उतरावं लागतं. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात द्यायचं ठरलं आणि गावोगाव चर खणून पाइप पुरले गेले. पाइप पुरणं हे ठेकेदाराचं काम. ते एकदाच होतं आणि त्याचं बिल निघतं. पुढे वायसर झिजतो, फूट-व्हॉल्व्ह अडकतो, उतारावरच्या लाइनीत हवा धरते, आणि दोन-पाच रुपयांच्या रबरापायी अख्खी वाडी पुन्हा व्हाळावर जाते. हे दुरुस्तीचं काम जिल्ह्यातल्या कातकरी आणि ठाकर तरुणांना शिकवावं, आणि पहिल्या दिवसापासून पैसे देऊन, जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकवावं, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आपल्या जिल्ह्यात आदिवासींची संख्या एक टक्क्याच्याही आत आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८५ टक्क्यांवर होती. अशा चांगल्या सरासरीखाली थोडी माणसं सहज झाकली जातात. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, तो धंदा बसला, आणि वीटभट्टी, कोळसा, नदीतले मासे-कुर्ल्या, मिळेल ती मजुरी यांवर संसार आला. केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या ७५ आदिवासी समूहांत महाराष्ट्रातले तीन आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू झाली. ठाकरांची गोष्ट थोडी वेगळी. पिंगुळीच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, याचा जिल्ह्याला अभिमान आहे. पण अभिमानावर वाडीतल्या प्रत्येक पोराचं पोट भरत नाही.

प्रशिक्षणं पुष्कळ झाली, असं कोणी म्हणेल. झाली खरी. थोड्या दिवसांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. प्लंबिंग तसं येत नाही. जीआय पाइपला डाय लावून आटे पाडताना अर्धा फेरा पुढे, मग थोडं मागे, मधूनमधून तेल, हे मनगटाला कळावं लागतं. घाई केली की आटा तुटतो आणि सांधा गळतो. सीपीव्हीसीचा सांधा सोल्यूशन लावून, किंचित पिळून, काही सेकंद धरून ठेवावा लागतो. मालवण, देवबाग, तारकर्लीच्या खाऱ्या हवेत कुठला नट वर्षभरात गंजून बसेल, हे फळ्यावर कोणी शिकवू शकत नाही. त्याला एखादा पावसाळा आणि एखादा मे महिना मिस्त्रीबरोबर हिंडावंच लागतं. आणि ज्याच्या घरी आजच्या मजुरीवर आज चूल पेटते, तो वर्षभर फुकट हिंडू शकत नाही. पोरं मधेच सोडून जातात, हा आक्षेप मला म्हणूनच उलटा वाटतो. भट्टीचा मालक आगाऊ उचल देतो आणि आपण हजेरीपत्रक देतो, मग ती जाणार कुठे?

कायदा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात विद्यावेतन आहे, अनुसूचित जमातींसाठी राखीव जागाही आहेत. पण २०१९ च्या नियमांप्रमाणे सक्ती आहे ती तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांवर, आणि चारपेक्षा कमी माणसं असतील तर उमेदवार घेताच येत नाही. आपल्याकडचा प्लंबर म्हणजे एक मिस्त्री, एक मदतनीस आणि एक मोटरसायकल. इथे गाडं अडतं, हा आक्षेप खरा आहे. मात्र अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवाराला आपापल्याकडे फिरवत शिकवावं, अशी सोय त्याच कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियात अशा कामासाठी वेगळ्या संस्थाच आहेत. उमेदवार नोकर संस्थेचा, शिकतो मात्र लहान-लहान कारागिरांकडे आळीपाळीने. आपल्याकडे ही जागा जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग घेऊ शकतो, किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांचा आणि न्याहारी-निवासवाल्यांचा एखादा संघ. मिस्त्रीलाही शिकवण्याचे पैसे द्यायला हवेत. आपला उद्याचा स्पर्धक तो फुकट का तयार करेल?

पैशांचा प्रश्न उरतोच. २०१९ च्या त्याच नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवाराला महिना किमान ५००० रुपये ठरले. चिरेखाणीवर याहून जास्त सुटतात, म्हणून वरची भर आदिवासी विकास विभागाने घालावी. त्यांचं प्रकल्प कार्यालय पेणला, मालवणपासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. जातीच्या दाखल्याची आणि पडताळणीची रखडपट्टी वेगळीच. कागद येईपर्यंत पोरगं भट्टीवर गेलेलं असतं, तेव्हा कामाला आधी घ्यावं, कागद मागाहून जुळवावेत.

या लोकांना नळ दिला तरी ते मोडून टाकतात, असं कुजबुजत बोललं जातं. याचं उत्तर ऑस्ट्रेलियातच सापडतं. १९८५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात तिथल्या आदिवासींच्या आरोग्य संस्थेने एक डॉक्टर आणि एक वास्तुकार बोलावून घरं तपासायला घेतली. त्यातून उभ्या राहिलेल्या कामाचा नियम असा, की पाहणीला जाताना हत्यारं बरोबर न्यायची आणि पहिल्याच दिवशी दुरुस्तीला लागायचं. पथकात बहुतेक माणसं स्थानिक. पुढे हजारो घरं तपासली, तेव्हा बहुतांश बिघाडांचं कारण वेळच्या वेळी न झालेली देखभाल निघालं, त्याखालोखाल मुळातलंच निकृष्ट बांधकाम. राहणाऱ्यांनी केलेली मोडतोड दहा टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. आदिवासींनी पानाच का धरायचा, इंजिनीअर का व्हायचं नाही? व्हावं, जरूर व्हावं, त्यासाठी आश्रमशाळा सुधारायला हव्यात. पण नववीत शाळा सुटलेला सतरा वर्षांचा मुलगा आज वाडीत आहे, आणि त्याला ती सुधारणा होईपर्यंत थांब म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. राहता राहिला प्रश्न, त्याला स्वयंपाकघरात कोण घेईल हा. काहीजण घेणार नाहीत, हे सरळ मान्य करू. म्हणून सुरुवात सार्वजनिक कामापासून व्हावी, म्हणजे गावची टाकी, शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी आणि त्याची स्वतःची वाडी. ग्रामपंचायतीने ओळखपत्र द्यावं आणि दुरुस्तीचे दर फलकावर लावावेत. मे महिन्यात पाहुण्यांनी भरलेल्या घरात टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला, की मालक फलकावरचा नंबर लावेल, आणि जो आधी पोचेल त्याला आत घेईल.