उसामाचे फिरंगी शेजारी



‘फिरंगी’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. गोव्याचे पोर्तुगीज ते फिरंगी, युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग आणि आयुर्वेदात उपदंशाला नाव मिळालं फिरंगरोग! मुळात हा शब्द ‘फ्रँक’ या पश्चिम युरोपातल्या जमातीचा. अरबीत त्याचा ‘इफ्रंज’ झाला, फारसीत ‘फरंग’ आणि पुढे तो आपल्या दारात आला. क्रुसेडच्या काळात पश्चिमेकडून आलेला सैनिक फ्रेंच असो की जर्मन, अरबांच्या लेखी तो इफ्रंजच.

या लढायांना आपली शाळेची पुस्तकं ‘धर्मयुद्धं’ म्हणतात. मला हा शब्द अडचणीचा वाटतो. धर्मयुद्ध म्हटलं की आपल्याला कुरुक्षेत्र आठवतं, सूर्यास्तानंतर शस्त्र न उचलण्याचे नियम आठवतात. क्रुसेडमध्ये तसं काही नव्हतं. १०९५ साली पोप दुसरा अर्बन यानं फ्रान्समधल्या क्लेर्माँ इथं हाक दिली आणि जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं. त्या दिवशी शहरातल्या मुसलमानांची आणि ज्यूंची झालेली कत्तल ख्रिस्ती बखरकारांनीच नोंदवून ठेवली आहे. १२९१ साली मामलुकांनी अक्का शहर घेतलं, तेव्हाही रक्ताचे पाट वाहिले. गंमत म्हणजे त्या काळच्या अरब इतिहासकारांच्या लिखाणात ‘क्रुसेड’ असा शब्दच नाही. त्यांच्या दृष्टीनं ही फिरंग्यांची स्वारी होती. ‘सलीबी’ म्हणजे क्रुसाची युद्धं हा शब्दप्रयोग अरबीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात.

हे आठवायचं कारण असं, की सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईला ‘क्रुसेड’ म्हटलं आणि तो जुना शब्द पुन्हा जिभेवर आला. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. अशा वेळी चहाच्या टपरीवरसुद्धा मला एका बाजूच्या बाकावर बसवलं जातं. तुमचे लोक, आमचे लोक. म्हणून आज मी एका अशा माणसाविषयी बोलणार आहे, ज्याची बाजू कोणती याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याचं नाव उसामा इब्न मुनकिझ.

उसामाचा जन्म १०९५चा, म्हणजे पोपनं हाक दिली त्याच वर्षीचा. सीरियात ओराँटीस नदीकाठी शैझर नावाची गढी होती, तिथलं हे सरदार घराणं. उसामा योद्धा, शिकारी आणि त्या काळचा नावाजलेला कवी. फिरंग्यांशी तो आयुष्यभर लढला. नव्वदीच्या घरात पोचल्यावर, भाला पेलणारा हात लेखणीनंही थरथरू लागल्यावर, त्यानं आठवणी लिहिल्या. त्यात फिरंग्यांचं नाव आलं की बहुधा शाप येतोच. आणि त्याच पुस्तकात काही फिरंग्यांना तो ‘माझे मित्र’ म्हणतो.

हे मित्र कोण? तर टेम्पलर, म्हणजे क्रुसेडचे कडवे संन्यासी-सैनिक. अक्सा मशिदीत त्यांनी ठाणं मांडलं होतं. शेजारी एक लहान मशीद होती, तिचं चर्च झालेलं. उसामा जेरुसलेमला गेला की हे टेम्पलर ती जागा त्याला नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा तो नमाजाला उभा राहिला. आपल्याकडे नमाजाला तोंड पश्चिमेला असतं. जेरुसलेमहून मक्का दक्षिणेला. तेवढ्यात एक फिरंगी धावत आला आणि त्यानं उसामाचं तोंड पूर्वेकडे फिरवलं, अशी प्रार्थना कर म्हणून. टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं. त्यांची पाठ वळताच तो पुन्हा आला आणि पुन्हा तेच. मग त्यांनी उसामाची माफी मागितली. हा नवखा आहे, नुकताच मुलखातून आलाय, पूर्वेशिवाय दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा माणूस यानं पाहिलेला नाही, असं ते म्हणाले. नुकते आलेले फिरंगी आपल्यात राहून मुरलेल्यांपेक्षा उर्मट असतात, असा निष्कर्ष उसामानं काढला आहे. मला तो अनेक समाजशास्त्रज्ञांपेक्षा शहाणा वाटतो.

वैद्यकीचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. उसामाच्या काकांनी एका फिरंगी सरदाराच्या विनंतीवरून वैद्य पाठवला. वैद्य अरब, पण धर्मानं ख्रिस्ती, हे लक्षात घ्या. एका शिलेदाराच्या पायाला गळू झालं होतं. वैद्यानं पोटीस बांधलं, गळू फुटलं, उतार पडू लागला. इतक्यात फिरंगी वैद्य आला. ‘एका पायानं जगतोस की दोन पायांनी मरतोस?’ असा सवाल करून त्यानं कुऱ्हाड मागवली. रोगी तिथंच गेला. हा किस्सा लोक हसून सांगतात आणि तिथंच थांबतात. उसामा थांबत नाही. गंडमाळेवरचं एक फिरंगी औषध त्यानं कृतीसह लिहून ठेवलं आहे. त्यानं एक मुलगा बरा झाला आणि पुढे उसामानं स्वतःही ते रोग्यांना दिलं. शत्रूचं औषध लागू पडतं हे लिहायलाही धाडस लागतं.

तसंच धाडस स्पेनमधल्या इब्न जुबैर या प्रवाशाचं. ११८४ साली सलाहुद्दीनचं सैन्य करकच्या किल्ल्याला वेढा घालून बसलं असताना व्यापाऱ्यांचे तांडे दमास्कस ते अक्का बिनदिक्कत ये-जा करत होते, हे त्यानं पाहिलं. फिरंगी अमलातल्या मुसलमान शेतकऱ्यांना अर्धं पीक आणि एक डोईपट्टी द्यावी लागे. तरी त्यांची स्थिती मुसलमान जमीनदारांच्या कुळांपेक्षा बरी, असं त्यानं दुःखानं लिहिलं आहे. दुःख त्याला झालं हेही खरं, आणि ते लपवलं नाही हेही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं तर! मुळीच नाही. १२२९ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांनी तह करून जेरुसलेमचा तंटा बोलून मिटवला. शहर ख्रिस्त्यांकडे, हरम शरीफ मुसलमानांकडे. दोघांनाही घरच्यांच्या शिव्या खाव्या लागल्या. फ्रेडरिक आधीच धर्मबहिष्कृत होता आणि दमास्कसमध्ये तर या तहाचा शोक पाळला गेला. याच फ्रेडरिकनं सिसिलीतल्या मुसलमानांना उठवून इटलीत लुचेरा इथं नेऊन वसवलं होतं. त्याला अरबी विद्येचं प्रेम होतं, म्हणून त्या लोकांचं उखडणं कमी झालं नाही.

उसामालाही हा अनुभव आहे. इजिप्त सोडताना त्याचं कुटुंब जहाजानं निघालं. जेरुसलेमच्या राजाचं अभयपत्र सोबत होतं. अक्क्याजवळ त्याच राजाच्या माणसांनी जहाज कुऱ्हाडींनी फोडलं आणि लुटलं. बायकामुलं जिवंत परतली, तेव्हा गेलेल्या पैशांचं दुःख उसामाला फारसं झालं नाही. पण जहाजात चार हजार ग्रंथ होते. ते गेले, ही सल जन्मभर राहिली, असं तो लिहितो.

त्याच्या आठवणींचं पुस्तकही पुढे हरवलं. सातशे वर्षांनी, १८८० मध्ये, हार्टविग देरांबुर या फ्रेंच अभ्यासकाला त्याची एक हस्तलिखित प्रत सापडली. सुरुवातीची पानं गळालेली होती. ती सापडली स्पेनमध्ये, एस्कोरियालच्या ख्रिस्ती मठातल्या ग्रंथालयात.