धुऱ्यावरचे चौकोन कुणाचे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज मी शाळेतल्या पोरांचा हिशेब घेऊन आलो आहे. आपले शिकायचे वय गेले असे ज्यांना वाटते त्यांनीही लक्ष द्यावे. हा हिशेब चुकला तर मदतीच्या यादीतून नाव जाते.

कपाशीचे एक पान घ्या. लांबी गुणिले रुंदी करून त्याचे क्षेत्रफळ निघत नाही, कारण पानाला बोटे आहेत. मास्तर काय सांगतात? चौकोनी कागदावर पान ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि आतले चौकोन मोजा. अर्धा किंवा अर्ध्याहून जास्त आत असेल तो धरा, कमी असेल तो सोडा. झाले क्षेत्रफळ.

संगणकही हेच करतो. त्याच्यापुढचे चित्र बारीक चौकोनांचे असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. एक चौकोन जमिनीवर केवढा, हे कळले की बाकी नुसती मोजदाद. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून चित्रे काढतात आणि ती फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे सातबाऱ्यावरचा एक आर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हा वरून दिसणारा एक चौकोन म्हणजे आपला एक गुंठा, असे धरून चाला.

मग घोटाळा होतो कुठे? धुऱ्यावर!

वाटण्या होऊन उरलेला एक एकराचा पट्टा घ्या. रुंदी १३२ फूट, लांबी ३३० फूट. त्यात ४० चौकोन बसतात. त्यातले २४ धुऱ्याला लागून, आत फक्त १६. शिवाय उपग्रहाचे चौकोन काही आपला धुरा बघून पडत नाहीत. कडेच्या एकाच चौकोनात अर्धे तुमचे वाळलेले पीक येते आणि अर्धी शेजाऱ्याची ओलिताची बाग किंवा धुऱ्यावरची बाभूळ. पण चौकोनाला रंग एकच. तो हिरवा दिसला की यंत्र म्हणणार, पीक बरे आहे.

१०० एकरांच्या सलग चौरस चकात असे चौकोन सुमारे ४,००० आणि कडेचे जेमतेम २५०. तिथे ही चूक दबून जाते. तुमच्या-माझ्या पट्ट्यात ती दबत नाही. शेत जितके लहान आणि अरुंद, तितकी चूक मोठी.

आता पैशाचे बोलू. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी नुकसानीची अट २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. एकरातले १४ गुंठे गेले तर नुकसान ३५ टक्के. कडेचे दोनच चौकोन हिरवे धरले की उरले १२ गुंठे, म्हणजे ३० टक्के. दोन चौकोनांनी माणूस यादीबाहेर!

यंत्राशी आपले वैर नाही. रस्त्यावर जीप उभी करून नजरेने टाकलेल्या आकड्यापेक्षा चित्र केव्हाही बरे. पण चित्रापुढे ठेवायला आपलाही आकडा हवा. धुऱ्यावर उभे राहून काढलेल्या मोबाइलच्या फोटोवरून तो निघणार नाही. त्यात जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते.

त्यासाठी ३३ फुटांची दोरी करा. गेलेल्या पिकाच्या ठिगळातून लांबीच्या दिशेने ती टाकत जा. प्रत्येक दोरीच्या मध्यावर आडवी रुंदी फुटात मोजा आणि लिहा. सगळ्या रुंद्यांची बेरीज करा, ३३ ने भागा. उत्तर थेट गुंठ्यात येते. समजा सहा दोऱ्या झाल्या आणि रुंद्या आल्या ४५, ७२, ९०, १०२, ८८, ६५. बेरीज ४६२, भागिले ३३, म्हणजे १४ गुंठे. कितीही वेडेवाकडे ठिगळ असो, दोन माणसांचे अर्ध्या तासाचे काम आहे.

हा कागद तारीख घालून आणि शेजाऱ्याची सही घेऊन घरात ठेवा. कुणी चित्रावरचा आकडा दाखवला तर तीन प्रश्न विचारा. चित्रातला एक चौकोन जमिनीवर केवढा? धुऱ्यावरचे चौकोन कसे धरले? चित्र कोणत्या तारखेचे? पावसाची झड येण्याआधीच्या चित्रात झडीचे नुकसान दिसणार कसे?

उत्तरे मिळाल्यावर आपला कागद पुढे करा. दोन्ही आकडे जुळले तर आनंदाने सही करा. जुळले नाहीत तर दोरी घेऊन साहेबाला शेतात चला म्हणा.

इथून गेल्यावर पहिले काम, दोरी मोजून कापा.