अज्ञानाच्या फटींत परमेश्वर शोधूं नये



“जेथें शास्त्र थांबतें, तेथें परमेश्वर सुरू होतो,” असें आपल्यांतील पुष्कळ भाविक म्हणतात. या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही याच विचाराचें परीक्षण करूं इच्छितों. कारण कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या श्रद्धेचा हा प्रश्न आहे.

आपल्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्याकडेच पाहा. पूर्वी खेड्यांत पटकी आली म्हणजे मरीआईचा कोप झाला असें मानून तिचा गाडा शिवेबाहेर नेत. रोगाचें कारण ठाऊक नव्हतें, म्हणून ती रिकामी जागा कोपानें भरली. १८८४ सालीं डॉक्टर कॉख यांनीं कलकत्त्यास पटकीचे जंतु दाखवून दिले, आणि कोपाची जागा दूषित पाण्यानें घेतली. अकोल्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो व कर्जत-जामखेडकडे पिकें तहानेलीं राहतात, याचेंहि कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत सांपडतें. फटींत ठेवलेली श्रद्धा अशी प्रत्येक शोधागणिक मागें सरते.

“मग आत्म्याचें काय?” असें कोणी विचारील. मेंदूच्या व्यापारांतून सुखदुःखाची जाणीव कशी उपजते, हें शास्त्रास आजहि पुरतें उलगडलेलें नाहीं. परंतु ‘उलगडलें नाहीं’ एवढ्यावरून ‘तें जड नव्हे’ असें सिद्ध होत नाहीं. आणि ‘उद्यां उलगडेल’ एवढ्यावरून ‘सर्व कांहीं जडच’ असेंहि ठरत नाहीं. अज्ञान कोणत्याच पक्षाची साक्ष देऊं शकत नाहीं.

विश्वाचा आरंभ एका आदिअणूपासून झाला, ही कल्पना १९३१ सालीं मांडणारे फादर जॉर्ज लेमेत्र हे कॅथलिक धर्मगुरु होते. तरीहि आपल्या उपपत्तीस कोणीं धर्माचा पुरावा करूं नये, असेंच त्यांचें मत होतें.

मग श्रद्धेला आधार कोणता? संत थॉमस अक्वायनस यांनीं परमेश्वरास कारणांच्या माळेंतील हरवलेला मणी मानलें नाहीं. ही सारी माळच कोणाच्या आधारें आहे, असें त्यांनीं विचारलें. १८७० सालीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनेंहि हेंच शिकविलें कीं, निर्मित वस्तूंवरून मनुष्याची बुद्धि परमेश्वरास ओळखूं शकते. म्हणजे वाट आहे ती ज्ञानांतून, अज्ञानांतून नव्हे. सृष्टीला नियम आहेत व ते आपणांस कळतात, हेंच मोठें नवल होय.

यास्तव, बंधुभगिनींनो, लेंकरूं तापानें फणफणलें तर प्रार्थना अवश्य करा, पण त्यास डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावूं नका. आणि मुलानें शंका काढली, तर “शास्त्राला तरी काय कळतें?” असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नका. ज्या प्रभूनें बुद्धि दिली, त्याला तिच्या प्रश्नांचें भय नाहीं.